आधी काय शोधायचे?

आमच्या सातारा-सांगलीकडची जुनी माणसे वयाचा हिशेब वर्षांत सांगत नसत. कुणी दुष्काळात जन्मलेला असे, कुणाचे लग्न मानमोडीच्या साली झालेले असे, तर कुणाचा बाप पहिल्या प्लेगात गेलेला असे. या रोगाचे गावातले नाव ‘गाठीचा ताप’. जांघेत नाहीतर काखेत गाठ यायची, सणकून ताप चढायचा आणि चार-सहा दिवसांत माणूस आटोपायचा. घरात उंदीर पडला की गाव उठत असे. दाराला कुलूप घालायचे, माळावर कुडाची खोपटी बांधायची आणि साथ ओसरेपर्यंत तिथेच चूल मांडायची. माझ्या आजीने हे सारे लहानपणी पाहिले होते. तिच्या तोंडून मी ते इतक्यांदा ऐकले, की ते माळ मीही पाहिल्यासारखे वाटतात.

आजीच्या आठवणीत अतिशयोक्ती असेल अशी शंका पुढे मला यायची. मग शिरगणतीचे आकडे पाहण्यात आले आणि शंका मिटली. १८९१ साली सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या आसपास होती. आज सांगलीत असलेले वाळवा, तासगाव, खानापूर हे भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच मोडत. १९०१ साली हीच संख्या साडेअकरा लाखांच्या आत आली. दहा वर्षांत जिथे माणसे वाढायची, तिथे पाऊण लाखाहून अधिक कमी झाली. दोन दुष्काळ आणि प्लेग यांनी मिळून हे केले. पुढे १८९६ पासूनच्या वीस-बावीस वर्षांत देशभरात प्लेगने एक कोटीहून अधिक बळी घेतले.

अशा वेळी शास्त्रज्ञाने काय करावे? प्रश्न शंभर असतात, हात थोडे असतात, पैसा त्याहून थोडा असतो आणि वेळ तर नसतोच. रोग पसरतो कसा, आजारी माणूस बरा कसा करायचा, निरोगी माणूस वाचवायचा कसा, यांतला कोणता प्रश्न आधी हाती घ्यायचा? चुकीचा प्रश्न आधी घेतला तर त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते. हा पेच ज्याच्या अंगावर आला आणि ज्याने आपल्या मुंबईत राहून तो सोडवला, त्या माणसाचे नाव वॉल्डेमार हाफकिन. आपण हे नाव ओळखतो ते परळच्या संस्थेच्या पाटीवरून. पाटीमागचा माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही.

ओडेसा ते कलकत्ता

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. घर ज्यू. झारच्या रशियात ज्यू असणे हाच अर्धा गुन्हा होता. विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासारखा थोर गुरू लाभला. पण विद्यार्थीदशेतच, ज्यू वस्तीवर हल्ले होऊ लागले तेव्हा वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिल्याबद्दल त्यांना तुरुंग पाहावा लागला. शिक्षण उत्तम झाले, पण विद्यापीठात जागा हवी असेल तर धर्म बदलावा लागणार होता. हाफकिन यांनी जागेवर पाणी सोडले.

देश सोडून ते आधी जिनिव्हाला आणि १८८९ साली पॅरिसला आले. लुई पाश्चर यांच्या संस्थेत त्यांना जागा मिळाली ती ग्रंथालयात! पुस्तके लावायची, नोंदी करायच्या आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात जंतूंशी झटायचे असा त्यांचा क्रम होता. त्यातूनच कॉलऱ्याची लस तयार झाली आणि १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली.

लस निघाली, पण ती खरोखर माणसे वाचवते की नाही हे कळायला कॉलरा असलेला मुलूख हवा होता. पॅरिसमध्ये तेव्हा ब्रिटिशांचे राजदूत होते लॉर्ड डफरिन. पूर्वी ते हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या पुढाकाराने १८९३ साली हाफकिन हिंदुस्थानात आले. अडीच वर्षांत त्यांनी चाळीस हजारांवर लोकांना लस टोचली. कलकत्त्याच्या बस्त्यांमध्ये काम करताना त्यांनी एक पद्धत पक्की केली. एकाच वस्तीत, एकच पाणी पिणाऱ्या लोकांत काहींना लस द्यायची, काहींना नाही, आणि मग दोघांची तुलना करायची. लस चांगली असे नुसते म्हणून भागत नाही, ते मोजून दाखवावे लागते, हा धडा त्यांच्या अंगी मुरला तो इथे. याच दगदगीत मलेरियाने त्यांना गाठले आणि काही काळ इंग्लंडला परतावे लागले. बरे वाटताच ते पुन्हा कलकत्त्यात हजर झाले.

एक खोली, एक कारकून, तीन शिपाई

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात तापाने माणसे मरू लागली. मूळचे गोव्याकडचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असे निदान केले. शहरात एकच घबराट उडाली. गाड्या भरभरून माणसे मुंबई सोडू लागली. त्यांत कोकणात जाणारे होते, तसे आमच्या घाटावरचेही होते.

सरकारने हाफकिन यांना बोलावून घेतले आणि ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत उतरले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जागा देण्यात आली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या मोठ्या संकटावर एवढीच फौज!

प्लेगचा जंतू कोणता हे दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगच्या साथीत कळले होते. पुढे संशोधनाच्या तीन वाटा दिसत होत्या. पहिली वाट आजाऱ्याला बरे करणारे औषध शोधण्याची. हाँगकाँगला जंतू शोधणारे यर्सिन घोड्याच्या रक्तातून एक द्राव तयार करत होते आणि १८९७ च्या वसंतात तो घेऊन ते मुंबईतही आले. पण हा द्राव बनवायला घोडे हवेत, महिने हवेत, आणि एवढे करून तो थोड्याच रोग्यांना पुरणार. शिवाय मुंबईत त्याचा गुण बेताचाच दिसला. दुसरी वाट, रोग पसरतो कसा हे शोधण्याची. ती मुळावर घाव घालणारी होती, पण तिला किती वर्षे लागतील ते कुणालाच सांगता येत नव्हते. तिसरी वाट, निरोगी माणसाला रोग होऊच नये किंवा झाला तरी मरण येऊ नये अशी स्वस्त लस तयार करण्याची. ती शंभर जणांपुरती नको होती, लाखांना पुरायला हवी होती.

हाफकिन यांनी तिसरी वाट धरली. ही निवड वरवर सोपी वाटते. पण विचार करून पाहा. त्या घटकेला जो तापाने फणफणतो आहे, ज्याचे नातलग दारात हात जोडून उभे आहेत, त्याच्यासाठी या वाटेवर काहीही नव्हते. ही लस पुढल्या आठवड्यात, पुढल्या महिन्यात आजारी पडू शकणाऱ्या, अजून हिंडत्या-फिरत्या माणसासाठी होती. समोरचे दुःख बाजूला ठेवून न दिसणाऱ्या माणसांसाठी काम करायला मन घट्ट करावे लागते.

कामाचे तपशील मोठे मनोवेधक आहेत. जंतू वाढवायला मांसाचे सत्त्व लागते. युरोपात त्यासाठी गोमांस वापरीत. ते इथे चालणार नाही हे ओळखून हाफकिन यांनी बकऱ्याचे मांस घेतले, म्हणजे हिंदूंनाही अडचण नको आणि मुसलमानांनाही. त्या सत्त्वावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जंतू त्या थेंबांना धरून खाली झुंबरासारखे लोंबत वाढतात, असे त्यांच्या ध्यानात आले. चंबू हलवला की ती झुंबरे तळाला बसायची आणि वर नवी धरायची. पाच-सहा आठवड्यांनी तो सारा द्राव तापवून जंतू मारायचे, त्यात थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे, की लस तयार. आपल्या स्वयंपाकघरातल्या तुपाने प्लेगच्या लशीला असा हात दिला.

अवघ्या तीन महिन्यांत हे झाले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली, आणि तीही पुढे लोकांना दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट. ताप चढला, टोचल्या जागी ठणका लागला, पण ते कामावरून उठले नाहीत.

बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, सातारा जिल्ह्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला स्वतः उचलून त्यांनी हडपसरजवळ आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात नेले आणि तिथेच त्यांना लागण झाली. लस मुंबईत तयार झाली होती, पण पुण्याच्या वेशीपर्यंत पोचायला तिला अजून वेळ लागणार होता. एखादा शोध लागणे आणि तो माणसाच्या दंडापर्यंत पोचणे यांत केवढे अंतर असते, हे या दोन तारखा शेजारी ठेवल्या की कळते.

उंढेऱ्याची चौसष्ट माणसे

जानेवारीच्या अखेरीस मुंबईत भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिन यांनी तिथल्या कैद्यांपुढे लस ठेवली. आपखुशीने पुढे आले त्यांना ती टोचली, बाकीचे तसेच राहिले. दोन्ही गट एकाच छताखाली, एकाच अन्नावर. टोचून न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचल्यानंतर ज्यांना रोग झाला असे दोनच निघाले आणि ते दोघेही वाचले.

याहून अवघड परीक्षा पुढच्या वर्षी झाली. १८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंढेरा या गावात प्लेग होता. तिथे घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस देण्यात आली. म्हणजे एका भावाला दिली, दुसऱ्याला नाही. लस दिलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ वारले. लस न दिलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले आणि त्यांतले २६ वारले.

हे आकडे मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा थांबतो. लस हातात असताना निम्म्या घराला ती न देणे हा निर्दयपणा नव्हे काय? आजच्या नियमांत हा प्रयोग असा बसणार नाही, आणि तो बसू नये हेच बरे. पण त्या वेळची परिस्थितीही पाहिली पाहिजे. लस उपयोगी आहे याची खात्री तेव्हा कुणालाच नव्हती. तिच्याविषयी अफवांचे पेव फुटले होते आणि सरकारातले बडे डॉक्टरही साशंक होते. नुसत्या विश्वासावर लाखोंना टोचले असते आणि ती निरुपयोगी निघाली असती तर? उंढेऱ्याच्या त्या आकड्यांनी वाद बराचसा मिटवला. लस पूर्ण संरक्षण देत नाही आणि तिचा गुण काही महिनेच टिकतो, पण ती मरण मोठ्या प्रमाणावर टाळते, हे मोजून हाती आले.

संकटात घाई असते म्हणून तपासणी सोडून द्यावी असे अनेकांना वाटते. हाफकिन यांच्या मते घाई असते म्हणूनच तपासणी आधी लागते. या मताची किंमत उंढेऱ्याच्या त्या माणसांनी दिली, हे मात्र विसरता कामा नये.

बंदूक आणि सुई

सरकारची पसंती काय होती? युरोपची बंदरे हिंदुस्थानच्या मालाला बंद होतील ही धास्ती सरकारला आधी होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. तोच पुढे मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला. त्या कायद्याच्या जोरावर पुण्यात गोरे सोजीर घराघरांत घुसले, सामान रस्त्यावर आले, देवघरेही सुटली नाहीत. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, हा इतिहास आपल्याला शाळेपासून पाठ आहे.

त्याच वर्षांत दुसऱ्या बाजूला सुई घेऊन हिंडणारी ही माणसे होती. लस ज्याच्या-त्याच्या खुशीवर होती. आगाखान यांनी सर्वांसमक्ष ती टोचून घेतली, तेव्हा त्यांचा खोजा समाज हजारोंनी पुढे आला. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला बंगलाही दिला. आमच्या मिरजेवरून खाली जाणाऱ्या रेल्वेवरच्या हुबळीत १८९८ साली पन्नास हजारांच्या गावात अडतीस हजारांच्या आसपास लोकांनी लस घेतली. जिथे बंदूक पोचली तिथे लोक आजारी माणूस लपवू लागले; जिथे ओळखीचा, विश्वासाचा माणूस पुढे झाला तिथे रांगा लागल्या.

१० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. त्या एका खोलीचे आता मोठे कारखानदारीचे काम झाले होते.

बाटली क्रमांक ५३

आणि मग घात झाला. १९०२ साली पंजाबात प्लेग भडकला आणि लशीची मागणी लाखांनी वाढली. उत्पादन वाढवण्यासाठी करण्याच्या रीतीत फेरफार झाला आणि कार्बोलिक ॲसिड घालणे सोडले गेले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एका बाटलीतून टोचलेले १९ जण पुढे धनुर्वाताने मेले.

बोट परळकडे वळले. चौकशी बसली, हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. ज्या माणसाला हिंदुस्थान हेच घर वाटू लागले होते, तो अपराध्यासारखा युरोपात परतला. पण कागदपत्रे नीट पाहिल्यावर वेगळेच दिसत होते. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. त्याच खेपेच्या बाकीच्या बाटल्यांनी कुणालाही अपाय झालेला नव्हता. मलेरियाचा छडा लावणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले, लंडनच्या टाइम्समध्ये पत्र आले आणि १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. या पाच वर्षांत प्लेगने माणसे मरतच होती आणि त्यावर सर्वांत जास्त जाणणारा माणूस घरी बसवलेला होता.

ते परत आले, पण परळला नाही. कलकत्त्यात, फारसे अधिकार नसलेल्या जागेवर त्यांनी १९१४ पर्यंत काढली आणि निवृत्त झाले. लग्न केलेच नव्हते. अखेरची वर्षे धर्माच्या अभ्यासात गेली आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे त्यांचे निधन झाले. आधी १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले होते, एवढे समाधान त्यांच्या वाट्याला आले. तोवर तिथून प्लेगच्या लशीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले होते.

गावाला ठाऊक होते ते

हाफकिन यांची निवड बरोबर होती असे मला वाटते. पण दुसरी वाट फार काळ ओस पडली, हेही सांगितले पाहिजे. उंदरावरच्या पिसवा प्लेग पसरवतात हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवले, तेव्हा त्याची टिंगलच झाली. १९०५ नंतर मुंबईत नव्याने प्रयोग झाले आणि मगच जगाने ते मान्य केले. मधली सात वर्षे भिंतींना चुना मारण्यात आणि लोकांचे सामान जाळण्यात गेली.

आणि इथे मला आजीचे गाव आठवते. उंदीर पडला की घर सोडायचे, माळावर जायचे, हे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना कुणी शिकवले होते? त्यांनी ते पाहून पाहून ओळखले होते. कारण ठाऊक नव्हते, पण निरीक्षण अचूक होते. साहेबाने घराची झडती घेण्याआधी गावकऱ्याला चार शब्द विचारले असते, तर संशोधनाचा तो प्रश्न कदाचित लवकर ऐरणीवर आला असता. काय शोधायचे हे ठरवताना ज्याच्यावर संकट आले आहे त्यालाही विचारले पाहिजे, एवढे तरी या कहाणीतून घ्यावे.

१९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगची भीती पुन्हा उठली, तेव्हा हाताशी प्रतिजैविके होती. मार्च २०२० मध्ये आमच्या सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला कोरोनाचे रुग्ण सापडले, तेव्हा औषध नव्हते, लसही नव्हती, पण प्रश्न तेच होते. आधी औषध की आधी लस, घाई किती आणि तपासणी किती, आधी कुणाला द्यायची? या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत ठरतात असे आपण समजतो. खरे तर ती पैसा कुठे जातो, लोकांचा विश्वास कुणावर आहे आणि सत्तेला कशाची भीती वाटते यांवरही ठरतात. म्हणून ती साथ येण्याआधी, शांतपणे, सर्वांनी मिळून विचारायला हवीत. साथीत तेवढी उसंत मिळत नाही.

हाफकिन यांचे नाव परळच्या फाटकावर आहे, टपाल खात्याने १९६४ साली काढलेल्या तिकिटावरही आहे. उंढेऱ्याच्या त्या चौसष्ट जणांची नावे कुठे कोरलेली नाहीत. पुढच्या लाखो माणसांना जी खात्री मिळाली, ती त्यांच्यामुळेही मिळाली.